बर्बनमध्ये पाणी घालण्याविषयी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील बर्बन, म्हणजे मुख्यतः मक्यापासून गाळलेल्या अमेरिकन व्हिस्कीवरचा लेख वाचला. फेब्रुवारी 2025 मध्ये केंद्र सरकारने बर्बनवरील एकूण आयातकर 150 टक्क्यांवरून 100 टक्क्यांवर आणल्यापासून माझ्या ओळखीतही या पेयाची विचारपूस होऊ लागली आहे, तेव्हा विषय वेळेवर आला हे मान्य. मात्र पाणी न मिसळता पिंपातून थेट बाटलीत भरलेली, म्हणजे ‘कास्क स्ट्रेंग्थ’ व्हिस्की पाण्याशिवायच प्यावी, या लेखकाच्या सल्ल्याशी मी सहमत नाही. माझी नोकरी साखर कारखान्याच्या आसवनीत मद्यार्काची टक्केवारी मोजण्यात गेली असल्यामुळे गप्प बसवले नाही, एवढेच.

गेल्या महिन्यात पुतण्याने अमेरिकेहून अशीच एक बाटली आणली : वय तीन वर्षे, मद्यार्क 60 टक्के. ती भरणारा व्यावसायिक स्वतः व्हिस्की गाळत नाही. दुसऱ्यांनी गाळलेल्या मालातून एकेक पिंप पारखून विकत घेतो आणि आपल्या नावाने विकतो. लेबलवर ती इंडियाना राज्यात गाळल्याचे छापले होते, आणि त्यात गैर काही नाही, कारण बर्बन अमेरिकेच्या केंटकी राज्यातलीच असावी असा नियम नाही. नियम आहे तो असा की धान्यात किमान 51 टक्के मका हवा, ओकचे पिंप कोरे आणि आतून जाळलेले हवे, आणि वरून रंग वा स्वाद घालता कामा नये. वय चार वर्षांहून कमी असेल तर ते छापावेच लागते. तो लहान आकडा पाहून स्कॉच पिणारे नाक मुरडतात. पण स्कॉच बहुधा वापरलेल्या पिंपात आणि थंड हवेत मुरते, तर बर्बनच्या बाबतीत कोऱ्या लाकडाला उन्हाळ्याची साथ मिळते आणि लाकूड आपला अंमल फार लवकर बसवते.

पहिल्या दिवशी आम्ही ती तांबड्या रश्श्याबरोबर घेतली, हा शुद्ध गाढवपणा होता. आधीच पोळलेल्या जिभेला कशाचाच पत्ता लागला नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाआधी, कोरीच, पेल्यात ओतली. नाकात झणका बसला, त्यामागून सुताराच्या रंध्याखालच्या ताज्या भुशाचा वास आला आणि जिभेवर मिरीसारखी आग राहिली. मग 30 मिलीमध्ये चमचा-चमचा करत सुमारे 15 मिली पाणी घातले, म्हणजे मद्यार्क 40 टक्क्यांच्या आसपास आला, आणि दहा मिनिटे पेला तसाच ठेवला. पेय किंचित धूसर झाले. जास्त मद्यार्कात विरघळून राहिलेली स्निग्ध द्रव्ये पाण्याने बाहेर येतात, त्याला बिघाड समजू नये. त्यानंतर जो वास आला तो गुऱ्हाळावर उभे राहिलेल्या माणसाला ओळखीचा वाटावा : गरम काकवी, काहिलीच्या तळाशी लागलेली खरवड, आणि तिच्यामागे रंकाळ्यावर भाजल्या जाणाऱ्या कणसाचा गोडसर धूर. शेवटी लाकडाचा तुरटपणा जरा जास्तच राहतो. हे पिंप आणखी दोन वर्षे ठेवले असते तर तो वाढलाही असता, असे माझे मत आहे.

पाण्याने हा फरक का पडतो, याचे एक उत्तर स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातील कार्लसन आणि फ्रीडमन यांनी 2017 मध्ये संगणकीय प्रतिरूपाच्या आधारे मांडले. धुरकट वासाचे ग्वायकॉल हे द्रव्य 59 टक्क्यांहून अधिक मद्यार्कात द्रवाच्या पोटात दडून राहते, तर 45 टक्क्यांपर्यंतच्या मद्यार्कात ते पृष्ठभागाशी, म्हणजे नाकाजवळ, येते. आमची बाटली तर 60 टक्क्यांची होती.

लेखातील ‘दोन पेग सावकाश’ हा सल्लाही मला धोक्याचा वाटतो. आपल्याकडे बहुतेक व्हिस्की 42.8 टक्क्यांची असते आणि तिच्या 30 मिलीच्या पेगात सुमारे 12.8 मिली शुद्ध मद्यार्क असतो. या बाटलीच्या तेवढ्याच पेगात तो 18 मिली भरतो. म्हणजे असे दोन पेग घेणाऱ्याच्या पोटात नेहमीचे जवळजवळ तीन जातात, आणि त्याच्या हिशेबात मात्र दोनच असतात. या विषयावर आपण पुन्हा लेख छापाल तेव्हा बाटलीच्या किमतीशेजारी तिची टक्केवारीही द्यावी, ही विनंती.

आपला,
आसवनीतील एक निवृत्त रसायनतज्ज्ञ, कोल्हापूर