प्रिय दिन्या, आता पोराला काय सांगू?

कोथरूड, पुणे
रविवार, दुपार

प्रिय दिन्या,

गणपतीत फोन केला नाही म्हणून रुसला असशील तर रुस. वहिनींच्या मेसेजला नुसते हात जोडलेले पाठवले, तेही कळतंय मला. पण जे सांगायचंय ते फोनवर सांगितलं की तू 'काय फेकतोस लेका' म्हणून हसणार आणि विषय तिथंच मिटणार. म्हणून लिहितोय. तब्येत ठीक. शुगर आहे तिथंच आहे, सुमाची कंबर तशीच.

तर, गेलो जर्मनीला. शेवटी चालवली. भाड्याची का होईना, पण पोर्शे ९११. पिवळी मिळाली नाही, करडी मिळाली. आणि आधीच सांगून टाकतो, गिअर आपोआप पडणारे. शिव्या मनातल्या मनात घाल. हाती गिअरवाली भाड्यानं मागितली तर काउंटरवरच्या पोरीनं माझ्याकडे अशी कीव करून पाहिलं, की मी गुमान सही केली.

बोब्लिंगनला नेहाकडे उतरलो होतो. सुमा गाडीत बसायलाच तयार नाही. मागची सीट म्हणजे डबा ठेवायची जागा, तिथं मी बसणार नाही, म्हणाली. ती नेहाकडेच राहिली, आणि शेजारच्या सीटवर आमचे चिरंजीव. घोळ इथंच सुरू होतो, पण जरा थांब.

गाडी ताब्यात घेणं हा एक वेगळाच सोहळा. आरटीओतून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना, मूळ लायसन्स, पासपोर्ट, आणि क्रेडिट कार्डावर इतकं डिपॉझिट अडकवलं, की त्यात तुझ्या बागेला नवीन कुंपण झालं असतं. दिवसाला ठरावीक किलोमीटर, वरच्या प्रत्येक किलोमीटरला वेगळे पैसे. रेसट्रॅकवर न्यायची नाही, अमुक देशात न्यायची नाही. चिरंजीवांनी चारही रिमचे फोटो काढले, अगदी वाकून, मोबाइलचा टॉर्च लावून. मी म्हटलं, लग्नाचा अल्बम करतोस का? पण पोरगं शहाणं. परत देताना त्यांचा माणूस नेमका उजव्या पुढच्या रिमपाशी बसला आणि बोट फिरवायला लागला. तिथं नखाएवढा ओरखडा होता, आमच्या आधीचा. फोटो दाखवला तेव्हा उठला. तरी डिपॉझिट अजून पुरतं सुटलेलं नाही, 'प्रक्रियेत' आहे म्हणे. सातबाऱ्यावरची नोंद यापेक्षा लवकर होते.

आणि हो, त्सुफेनहाउझेनच्या पोर्शे म्युझियममध्ये जाऊन आलो. विश्रामबागच्या होस्टेलवरचं भांडण आठवतंय ना? तू म्हणायचास, या गाडीचं नाव पहिल्यापासून ९११च. नाही रे बाबा. १९६३ला फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ती ९०१ म्हणून मांडली होती. मधे शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्यूजो या फ्रेंच गाडीवाल्यांनी हक्क सांगितला, म्हणून पुढच्या वर्षी ९११ झाली. चिरंजीवांसमोर मोठ्यांदा हसलो. तो म्हणाला, कशाचं हसू? त्याला काय सांगणार, पैज लावून मिसळ बुडवलेल्या माणसाचं. व्याज धर त्यावर.

आता खरी गोष्ट.

नेहाच्या नवऱ्यानं सांगितलं होतं, रविवारी सकाळी निघा. त्या दिवशी तिकडे जड ट्रक रात्री दहापर्यंत हायवेवर येतच नाहीत, कायदाच आहे. ए-८१ हायवे धरून दक्षिणेला, बोडनझे तलावाकडे. सुरुवातीला १२०, मग कामं चालू म्हणून ८०, मग पुन्हा १२०. मी पोटात गोळा घेऊन उजव्या लेनमधून. आणि मग ती पाटी आली. पांढरी, गोल, तिच्यावर तिरक्या काळ्या रेघा. बस, इतकंच. वेगमर्यादा संपली, इथून पुढे तुझं तू बघ.

दिन्या, तू मला ओळखतोस. एक्स्प्रेसवेवर काटा १००ला टेकला की मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरतो. पन्हाळ्याच्या उतारावर तुझ्या येझदीच्या मागं बसून मी काय काय नवस बोललो होतो, ते तुलाच ठाऊक. तोच मी. १६०, १८०, २००. रॉटवाइलजवळ लिफ्ट तपासायचा एक मनोरा आहे, २४६ मीटरचा. लांबून दिसला, हे काय आहे असं विचारेपर्यंत मागं गेला. २३०ला थोडा वेळ स्थिर धरली. गाडी पावणेतीनशेच्या वर जाते, म्हणजे अजून शिल्लक होतीच.

आणि भीती वाटली नाही. हे मला तुला सांगायचंय. अजिबात वाटली नाही. डोकं असं रिकामं आणि स्वच्छ झालं, की सुमाचे हप्ते, ऑफिसातलं रिपोर्टिंग, आप्पांची फाइल, सगळं कुठल्या कुठं. फक्त पुढचा रस्ता. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

मग उजव्या लेनमधल्या एका स्टेशन वॅगननं इंडिकेटर दिला आणि पुढच्या गाडीला ओलांडायला डावीकडे आली. तिचं काहीच चुकलं नाही. तिनं आरशात पाहिलं असणार, लांब एक ठिपका दिसला असणार. पण तो ठिपका सेकंदाला ६४ मीटर धावत होता. मी ब्रेक दाबला. पट्टा छातीत रुतला, चिरंजीवांचा मोबाइल सीटखाली गेला, आणि काटा १३०वर आला तेव्हा त्या गाडीच्या मागच्या काचेतलं कुत्रं मला स्वच्छ दिसत होतं. भुंकलंसुद्धा नाही. आपले मेंढी सर घसा फोडून सांगायचे, वेग दुप्पट की ऊर्जा चौपट, आणि आपण मागच्या बाकावर तीनपत्ती खेळायचो. ते पायाला कळलं त्या दिवशी. वॅगन शांतपणे उजवीकडे गेली. आणि मी, ऐक, मी पुन्हा दाबली.

चिरंजीव एवढंच म्हणाले, "बाबा, भारी."

परत आल्यावर तिसऱ्याच दिवशी जेवताना विषय काढला. त्याला केटीएमची ३९० ड्यूक बाइक पाहिजे. कॉलेज लांब पडतं, बस मिळत नाही वगैरे. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यानं मोबाइल फिरवून माझ्या ताटासमोर धरला. काटा, २३०, आणि मागं माझा आवाज. मी गाणं म्हणत होतो, दिन्या. ब्रेक मारायच्या आधीचा व्हिडिओ. सुमानं तो पहिल्यांदाच पाहिला. त्या रात्रीचं जाऊ दे.

मी त्याला काय सांगितलं, तेही ऐक. तिथं १३०ची शिफारस आहे, सक्ती नाही, पण त्याच्या वर जाऊन अपघात झाला तर तुमची चूक नसतानाही भरपाईतला वाटा तुमच्या गळ्यात पडू शकतो. उजवीकडून ओलांडायचं नाही म्हणजे नाही. पेट्रोल संपून गाडी हायवेवर थांबली तरी दंड. शेजारी स्वित्झर्लंडमध्ये १२०च्या रस्त्यावर २००नं सापडलास तर तो नुसता दंड उरत नाही, गुन्हा होतो, गाडी जप्त होऊ शकते. म्हणून तर आपण तिकडे शिरलोच नाही. मी २३०ला होतो तेव्हा माझा भरवसा गाडीवर नव्हता, हातांवर तर नव्हताच. पुढची अनोळखी माणसं आरशात बघतील, यावर होता. इकडे कात्रज ते नवले पुलावर कोण बघतं आरशात? निम्म्या गाड्यांचे आरसे घडी घालून ठेवलेले.

सगळं ऐकून म्हणाला, "म्हणजे तुमचा भरवसा रस्त्यावर नाही, का माझ्यावर नाही?"

मी म्हटलं, दोन्हींवर नाही. ताट सरकवून उठला.

आप्पांनी राजदूत विकली तेव्हा मी तुझ्याकडे येऊन राहिलो होतो, आणि तुझ्या आईनं रोज माझी समजूत काढली होती. तेव्हा आप्पांना मी काय काय म्हणालो, ते तू ऐकलंयस. आता रात्री दोनला पाणी प्यायला उठतो आणि आप्पांचंच वाक्य तोंडात येतं, रस्ता तुझ्या बापाचा नाही. आणि मग तो व्हिडिओ आठवतो. नाही म्हणायचं तर कुठल्या तोंडानं? हो म्हणायचं तर तो घरी येईपर्यंत खिडकीत कोण उभं राहणार? सुमा म्हणते, स्कूटर घेऊन दे. वीस वर्षांच्या पोराला ड्यूकच्या जागी स्कूटर म्हणजे काय, ते तिला कळत नाही. तुला कळतं.

एक मात्र त्याच्या बाजूचं सांगतो. पुढे ऑस्ट्रियात ग्रोसग्लॉकनरचा घाट केला. ४८ किलोमीटर, ३६ हेअरपिन, प्रत्येक वळणाला नंबर आणि उंचीची पाटी. १९३५ला खुला झालेला रस्ता, टोल मात्र आजच्या भावानं, चाळीसच्या वर युरो. तिथं वेग विसर. समोर बस, मधे सायकलवाले म्हातारे, तुझ्या-माझ्यापेक्षा म्हातारे, घाम गाळत चढतायत. २,५०४ मीटरवरच्या बोगद्यापाशी ऐन मोसमात कडेला मळकं बर्फ. उतरताना ब्रेक तापल्याचा वास यायला लागला, आमचा नाही, पुढच्या गाडीचा. तेव्हा न सांगता हाच पोरगा म्हणाला, बाबा, खालच्या गिअरवर घ्या. आंबोली किती वेळा उतरलोय मी, पण मला सुचलं नव्हतं. हे सुमाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती विरघळेल, आणि मग मी एकटा पडेन.

तुझ्या गुडघ्याचं काय झालं? व्यायाम करतोयस की नुसता फोटो पाठवतोस? मृण्मयीचं ठरल्याचं कळलं, फार बरं झालं, मुलगा रत्नागिरीचा म्हणजे जवळच. तारीख कळव, रजा आधीच टाकावी लागते. भाताचं पावसानं वाट्टोळं केलं म्हणे, वाईट वाटलं.

दिवाळीच्या सुट्टीत चिरंजीव देवगडला तुझ्याकडे येतोय. माझं ऐकत नाही, तुझं ऐकतो. तर तू बोल. काय बोलायचं ते तुझ्यावर सोडतो, अगदी घेऊ दे म्हणालास तरी मी भांडणार नाही, म्हणजे भांडेन, पण मनावर घेऊ नकोस. फक्त एक कर. तो यायच्या आधी तुझ्या बुलेटची किल्ली वहिनींकडे दे. तुझ्याकडे नको.

तुझा,
बाळ्या