दारावर फांदी टांगलेली असेल तर

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

द्राक्षांची छाटणी उरकली, डोळे फुटायची पेस्टही लावून झाली हे ऐकून जीव भांड्यात पडला. खालच्या प्लॉटची घाई करू नकोस. परतीचा पाऊस अजून गेलेला नाही, आणि डावणी रोग कोवळ्या फुटीवर जास्त येतो.

दादाने शनिवार-रविवार मला ऑस्ट्रियाच्या राजधानीत, व्हिएन्नात, नुसतं खायला-प्यायला फिरवलं. शनिवारी नाश्मार्क्ट नावाच्या बाजारात चीज, ऑलिव्ह, सुके जर्दाळू चाखत हिंडलो आणि ग्रुनर वेल्टलिनरचा एक ग्लास उभ्याउभ्याच घेतला. इथलं हे सगळ्यात जास्त लावलं जाणारं पांढरं द्राक्ष. ग्लास नाकाशी नेला की पांढरी मिरी फोडल्यासारखा वास येतो. दुपारी कॉफीहाऊसमध्ये एका कपावर दोन तास बसलो, कुणी उठवलं नाही.

पण पत्र लिहायला बसलो ते रविवारसाठी. ट्रामने नुसडॉर्फला उतरलो आणि चढ चढून नुसबर्गवर गेलो. समोर ओळीने द्राक्षबागा, खाली डॅन्यूब नदी आणि पलीकडे सगळं शहर. राजधानीच्या हद्दीत सहाशे हेक्टरच्या आसपास बागा आहेत. आपल्याकडे शहर वाढलं की आधी बाग जाते. इथे ती राखली आहे, हे पाहून मी किती तरी वेळ बांधावर उभा होतो.

उतरताना एका घराच्या दारावर हिरवी फांदी टांगलेली दिसली. दादा म्हणाला, फांदी असली की समजायचं, आज घरची वाइन मिळते. अशा जागेला हॉयरिगर म्हणतात. 1784 साली सम्राट दुसऱ्या जोसेफने हुकूम काढून मुभा दिली, की शेतकऱ्याला आपल्या बागेतली वाइन आपल्याच दारात विकता येईल. तेव्हापासून हे चालत आलंय. आत अंगणात लाकडी बाकं, अक्रोडाचं झाड. वाइन ओतत होती ती घरधनीण. तिच्या नखांच्या कडा काळ्या पडलेल्या होत्या, काढणीत आपल्या पडतात तशाच.

आधी श्टुर्म दिलं, म्हणजे अजून आंबत असलेला रस. उसाच्या रसासारखा गढूळ, गोड आणि जिभेवर चुरचुरणारा. बाटलीला घट्ट बूच लावत नाहीत, नाहीतर फुटते. त्याच्याबरोबर काळा पाव, लाल मिरचीपूड घातलेला चक्क्यासारखा लिप्टाउअर आणि तळलेली कोंबडी. मग गेमिश्टर झात्स नावाची वाइन. एकाच बागेत तीन किंवा जास्त जातींची झाडं, सगळ्यांची काढणी एकाच वेळी आणि सगळी एकत्रच दाबायची. एखादी जात लवकर पिकते, एखादी उशिरा. थंडीने एक मारली तरी दुसरी तगते. आपली आजी बाजरीत तूर-मूग टाकायची, तोच विचार. चव अशी की एक घोट सफरचंदाचा वाटला, दुसरा लिंबाच्या सालीचा.

म्हाताऱ्या मालकाने दादाकरवी विचारलं, तुमच्याकडे झाड झोपतं कधी? मी सांगितलं, झोपत नाही. एप्रिलमध्ये काड्या वाढवायला खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळासाठी गोडी छाटणी, आणि पीक एकच. त्याने माझा हात हातात घेऊन तळवा पाहिला आणि दुसरा ग्लास भरला, पैसे न घेता.

बाळा, तू तीन वर्षं म्हणते आहेस, थोडी वाइनची द्राक्षं लावू, वाइन आपणच करू आणि बागेतच देऊ. मी दर वेळी नाही म्हटलं. तू लहान होतीस तेव्हा एका कंपनीने करार करून माल उचलला नाही. शेनिन या वाइनच्या द्राक्षाचे घड वेलीवरच सुकले आणि मी ती बाग माझ्या हाताने उपटली. ते डोळ्यांपुढून जात नव्हतं. पण तू मागत होतीस ते वेगळंच होतं, हे मला त्या अंगणात बसल्यावर कळलं. कुणी उचलायची वाट पाहायची नाही, आपल्याच दारात द्यायचं.

विहिरीजवळचा अर्धा एकर रिकामा ठेव, त्यात कांदा टाकू नकोस. तिथली माती आणि पाणी तपासायला दे. उत्पादन शुल्क खात्यात परवान्याचं काय काय लागतं ते विचारून ठेव. कलम बांधायला डॉगरिजची खुंटरोपं मी आल्यावर बघू. शेनिन तर हवंच, दुसरी जात तू निवड.

आईला सांग, जर्दाळू घेतलेत.

तुझे,
आप्पा