कोर्लईच्या मुलांची तिसरी भाषा

संपादक महोदय,

रेवदंड्याजवळच्या कोर्लईत ख्रिस्ती कुटुंबे आजही 'नो लिंग', म्हणजे 'आपली भाषा', बोलतात. तिचे शब्द पोर्तुगीज वळणाचे असले, तरी वाक्यरचनेवर मराठीचा ठसा आहे. पोर्तुगीजांनी १७४० साली हा मुलूख सोडल्यानंतरही ती घराघरांत टिकली, हे मला फार मोलाचे वाटते.

तेथील नववीतली एक मुलगी माझ्याकडे शिकवणीला येते. आजीशी ती नो लिंगमध्ये बोलते आणि गिऱ्हाइकाशी बांगड्याचा भाव अस्खलित मराठीत करते. परंतु इंग्रजीत साधा प्रश्न विचारताच, वाक्य चुकेल या धास्तीने, तिची नजर जमिनीकडे वळते. राज्यात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जात असूनही ही धास्ती जात नाही, कारण चूक दिसली की लाल शाई फिरते आणि मुलांना आधीच दोन भाषा येतात याची दखल कोणी घेत नाही. मी तिला धडा आधी नो लिंगमध्ये आजीला सांगायला लावतो, मग मराठीत आणि शेवटी इंग्रजीत. गेल्या आठवड्यात ती न अडखळता पाच वाक्ये बोलली. इंग्रजी यावी म्हणून घरची बोली बंद करणाऱ्या पालकांना माझी कळकळीची विनंती आहे, की त्यांनी ती बंद करू नये.

— एक निवृत्त शिक्षक, रेवदंडा