पिवळ्या कार्डाचा नियम तिकीट काढण्याआधी कळू द्या : केंद्रीय आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री,
नवी दिल्ली

महोदय,

सविनय नमस्कार. मी दादर पश्चिमेला विमानाची तिकिटं आणि सहली यांचं छोटं ऑफिस चालवते. पत्र मराठीत लिहिते आहे. आपलं गाऱ्हाणं केंद्राच्या कुठल्याही अधिकाऱ्यापुढे राज्यात वापरल्या जाणाऱ्या भाषेत मांडायचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० ने दिलेला आहे. शिवाय ज्यांच्यासाठी लिहिते आहे त्यांनाही ते वाचता यायला हवं.

विषय पीतज्वराच्या लसीचा आहे. आमच्याकडे येणारी मंडळी ‘यलो फिव्हरचं इंजेक्शन’ म्हणतात तेच, आणि ती घेतल्याचं प्रमाणपत्र म्हणजे ‘पिवळं कार्ड’. पीतज्वराचा धोका असलेल्या देशातून भारतात परतताना हे कार्ड नसेल तर माणसाला विलगीकरणात ठेवता येतं, असा नियम आहे. माझी तक्रार नियमाविरुद्ध नाही. हा नियम हवाच, आणि तो कडकपणेच पाळला जायला हवा, हे आधी सांगते.

आपल्या देशात पीतज्वराचा रुग्ण आजवर आढळलेला नाही. पण तो पसरवणारा एडिस इजिप्ती डास मुंबईत घरोघरी आहे. आपल्याला डेंग्यू देतो तोच हा डास. फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये, गच्चीवरच्या ताडपत्रीच्या खोलगटीत, पाणी ठरलेल्या वेळेलाच येतं म्हणून भरून ठेवलेल्या पिंपात त्याच्या अळ्या सापडतात. महापालिकेची माणसं दर पावसाळ्यात बॅटरी घेऊन हेच बघत फिरतात. जागतिक आरोग्य संघटनेची आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावली म्हणते की विमानतळाभोवती किमान ४०० मीटरपर्यंत रोगवाहक डासांची पैदास होऊ देऊ नये. सहारच्या विमानतळाची भिंत जिथे संपते तिथे लगेच जरीमरीची घरं सुरू होतात, म्हणजे त्या ४०० मीटरांत वस्तीच वस्ती आहे. तिथे एक आजारी प्रवासी आणि एक डास यांची गाठ पडली तर काय होईल, याचा विचारही करवत नाही. आपल्यापैकी जवळजवळ कुणालाच या रोगाची प्रतिकारशक्ती नाही. २०१६ मध्ये अंगोलात साथ आली, तेव्हा तिथून परतलेल्या ११ जणांबरोबर पीतज्वर चीनमध्ये पोचला. आशियात तो शिरल्याची ती पहिली नोंद. त्या वेळी तो पुढे पसरला नाही, हे आपलं सगळ्यांचंच नशीब.

मुंबईला तर हे वेगळं सांगायला नको. १८९६ साली मांडवीत प्लेग सुरू झाला आणि मुंबईहून निघालेल्या प्रत्येक बोटीकडे जग संशयाने पाहू लागलं. १८९७ मध्ये व्हेनिसला त्यासाठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. त्याच वर्षी जानेवारीत शास्त्रज्ञ हाफकिन यांनी प्लेगची लस इथेच, मुंबईत, आधी स्वतःला टोचून घेतली. परळची संस्था आजही त्यांच्या नावाने उभी आहे. लस आणि विलगीकरण यांची किंमत या शहराने मोजलेली आहे.

तर नियम हवा. प्रश्न आहे तो माणसाला कधी आणि कसा कळतो, याचा.

दरवर्षी जुलै ते ऑक्टोबरच्या हंगामात मसाई मारा बघायला मराठी मंडळींचे गटच्या गट केनियाला जातात. त्यातले बरेचसे निवृत्त, पासष्ट-सत्तरीचे. त्यांना वाटतं की लस केनियाला हवी आहे. वस्तुस्थिती उलटी आहे. भारत पीतज्वराचा देश नसल्यामुळे मुंबईहून थेट नैरोबीला उतरणाऱ्याकडे केनिया नियमाने हे कार्ड मागत नाही. कार्ड मागतो तो आपला स्वतःचा देश, आणि तेही परत येताना. पीतज्वराचा धोका असलेला देश सोडल्यापासून सहा दिवसांच्या आत जो भारतात उतरतो, त्याच्याकडे वैध प्रमाणपत्र नसेल तर ते सहा दिवस पुरे होईपर्यंत त्याला विलगीकरणात ठेवता येतं. रोगाची लक्षणं दिसायला साधारण तीन ते सहा दिवस लागतात, म्हणून सहा. इतकं समजावून सांगितलं की कुणीही ऐकतं. पण समजावून सांगणारं कुणीतरी भेटावं लागतं. आता तिकीट मोबाइलवर निघतं. बॅग किती किलोची, जेवण शाकाहारी की मांसाहारी, खिडकीची सीट हवी का, हे सगळं तिथे विचारलं जातं. परतल्यावर आपलाच देश आपल्याला सहा दिवस थांबवू शकतो, हे मात्र पैसे भरेपर्यंत कुठे ठळक दिसत नाही.

एक प्रसंग सांगते. गिरगावातल्या एक काकू, वय सत्तरीच्या आसपास. संधिवातासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू आहेत. मुलगा युगांडात, कंपालाला नोकरीला, तिथे नातीचं बारसं होतं. तिकिटं कुठल्याशा वेबसाइटवरून घरीच काढली. काकांनी लस घेतली, कार्ड घेतलं. काकूंना डॉक्टरांनी लस घेऊ नका म्हणून सांगितलं, आणि ते योग्यच होतं. या लसीत जिवंत पण कमजोर केलेला विषाणू असतो. प्रतिकारशक्ती दबलेल्या माणसाला, अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्याला, सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ती देत नाहीत, आणि साठीच्या पुढे डॉक्टर ती जपून, विचार करूनच देतात. काकूंनी फॅमिली डॉक्टरांची चिठ्ठी घेतली. लेटरहेडवर एकच ओळ : या पेशंटला लस देऊ नये. आजाराचं नाव नाही, औषधांची नावं नाहीत, कारण नाही. बारसं थाटात झालं. परत आल्यावर काकू थांबवल्या गेल्या, काका दोन्ही बॅगा घेऊन घरी आले. आठवड्यातून एकदाच घ्यायची संधिवाताची गोळी त्या बॅगेत होती. सुनेने मला फोन केला तेव्हा घरात सगळे घाबरून गेले होते. आईंना कुठे ठेवलंय, भेटता येईल का, गोळी कुणाच्या हाती द्यायची, पैसे किती लागतील, यातलं कुणालाच काही माहीत नव्हतं.

तिथल्या माणसांनी काकूंना नीट सांभाळलं, असं त्या स्वतःच सांगतात. नियमाप्रमाणेच सगळं झालं. माझं म्हणणं इतकंच, की जे होणार होतं ते त्यांना तिकीट काढण्याआधी माहीत असतं तर त्या गोळी हातातल्या पर्समध्ये ठेवून, घरच्यांना सांगून, मनाची तयारी करून गेल्या असत्या. कदाचित परतताना वाटेत धोका नसलेल्या एखाद्या देशात आठवडाभर थांबूनच इथे उतरल्या असत्या.

आंतरराष्ट्रीय नियमावलीत अशा माणसांची सोय आहे. लस देणं वैद्यकीय कारणाने योग्य नसेल, तर डॉक्टरांनी कारणं इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये लेखी द्यावीत आणि उतरण्याच्या ठिकाणच्या अधिकाऱ्यांनी ती विचारात घ्यावीत, असं तिथे म्हटलेलं आहे. पण गिरगावातल्या फॅमिली डॉक्टरला ते कुठून कळणार? आपल्या मंत्रालयाने त्यासाठी एक पानाचा नमुना काढावा : काय लिहायचं, सही-शिक्का कुणाचा, आधी कुठे दाखवून घ्यायचं. आणि त्याच पानाच्या मागे, हे पत्र असूनही थांबावं लागलं तर कुठे राहावं लागेल, खर्च कुणाचा, औषधं आणि जेवणाची काय व्यवस्था, घरच्यांनी कुठल्या नंबरवर फोन करायचा, हे साध्या मराठीत. मुंबईत उतरणाऱ्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांना इंग्रजी फॉर्म वाचता येत नाही.

दुसरी अडचण वाटेतल्या विमानतळाची. हल्ली स्वस्त तिकीट बघितलं की बरेचदा अदिस अबाबा किंवा नैरोबीला विमान बदलून जायचं असतं. जायचं असतं केपटाउनला, दक्षिण आफ्रिका धोक्याच्या यादीत नाही, पण वाटेतला इथिओपिया आहे. आपल्या नियमात अशा प्रवाशांना सूट आहे : पूर्ण वेळ विमानतळाच्या आवारातच थांबलेले असले पाहिजेत आणि आरोग्य अधिकाऱ्याने ती सूट मान्य केली पाहिजे. या दुसऱ्या अटीपाशी आम्ही सगळे अडतो. ग्राहक विचारतो, ‘मॅडम, मान्य करतील ना?’ मी काय सांगू? मान्य करण्याचे निकष लिहून जाहीर करा. बोर्डिंग पास दाखवला की पुरे, की पासपोर्टवर शिक्का नसणं हाही पुरावा धरणार, एवढं लेखी मिळालं तरी हजारो लोकांची धाकधूक जाईल. विमान रद्द झालं आणि कंपनीने रात्री हॉटेलात नेलं तर आवाराबाहेर पाऊल पडलंच. त्याचंही उत्तर त्यात असावं.

माचू पिचूचंही असंच. पेरूत तो भाग इतक्या उंचावर आहे की तिथे जाणाऱ्याला आरोग्याच्या कारणाने या लसीची शिफारस जागतिक आरोग्य संघटना करत नाही. डॉक्टर सांगतात गरज नाही, आणि ते खरंच असतं. पण भारताची यादी देशवार आहे, आणि पेरू त्या यादीत आहे. डॉक्टरचा सल्ला आणि देशात शिरायची अट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या संकेतस्थळावर पहिल्याच परिच्छेदात असायला हवं.

जुन्या कार्डांबद्दल तर कळकळीची विनंती आहे. ११ जुलै २०१६ पासून हे प्रमाणपत्र आयुष्यभरासाठी वैध आहे, आणि आधी घेतलेल्या लसींनाही ते लागू आहे. तरीही २००९ साली लस घेतलेला माणूस कार्डावर २०१९ ही तारीख वाचून घाबरतो आणि पुन्हा रांगेत उभा राहतो. एक डोस फुकट जातो, जो दुसऱ्या कुणाला तरी हवा होता. ही लस पाण्यात कालवली की कुपी काही तासांतच संपवावी लागते, उरलेली फेकून द्यावी लागते. म्हणून केंद्रांना लोक मोजून, वार ठरवून बोलवावे लागतात. अशा लसीचा एकही डोस अज्ञानापायी वाया जाता कामा नये. नवा पासपोर्ट आला की कार्डावरचा नंबर जुना राहतो, त्यानेही लोक धास्तावतात. जुना पासपोर्ट सोबत ठेवायचा, की नंबर बदलून घ्यायचा, की काहीच करायची गरज नाही, हे एका ओळीत सांगता येईल.

आणि दहा दिवस! पहिल्यांदा लस घेतल्यावर प्रमाणपत्र दहाव्या दिवसापासून वैध होतं. चार दिवसांच्या मीटिंगसाठी नायजेरियातल्या लागोसला निघालेला माणूस निघण्याच्या आदल्या दिवशी लस घेतो, कार्ड खिशात घालतो आणि निर्धास्त होतो. परत उतरतो तेव्हा त्याच्या कार्डाची मुदत सुरूच झालेली नसते. ही तारखांची बेरीज तिकीट काढणाऱ्या यंत्राला एका क्षणात जमेल.

म्हणून माझी मुख्य मागणी आपण नागरी हवाई वाहतूक मंत्रालयासोबत बसून पूर्ण करावी. परतीचं ठिकाण भारत असेल आणि वाटेत किंवा मुक्कामाला यादीतला देश असेल, तर पैसे भरण्याआधी त्या पानावर मराठी, हिंदी, इंग्रजीत सूचना दिसलीच पाहिजे, आणि ती वाचल्याची खूण केल्याशिवाय तिकीट पुढे जाता कामा नये. आमच्यासारख्या एजंटांनाही हे बंधन घाला. आम्ही आनंदाने पाळू. पोलिओच्या थेंबांची चार आठवडे आधीची अट असलेले देशही त्यातच जोडता येतील.

हे अवघड नाही, कारण आपल्या मंत्रालयाने याहून अवघड करून दाखवलं आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये कोविड लसीच्या प्रमाणपत्रावरून ब्रिटनशी वाद झाला, तेव्हा परदेशी जाणाऱ्यांच्या कोविन प्रमाणपत्रावर पूर्ण जन्मतारीख घालायची सोय झाली. कोविडच्या काळात एअर सुविधा या संकेतस्थळावर तर प्रवासी निघण्याआधीच आरोग्याचा फॉर्म भरत होता. सुधारित आंतरराष्ट्रीय नियमावली १९ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाली आहे आणि तिच्यात आरोग्याची कागदपत्रं डिजिटल स्वरूपात देण्याची तरतूद आहे. मग पिवळं कार्ड क्यूआर कोडसह मोबाइलवर का नको? कागदी कार्डही राहू दे, म्हाताऱ्या माणसांना तेच बरं वाटतं.

शेवटचं, केंद्रांचं. आमचे ग्राहक सहारच्या विमानतळ आरोग्य संस्थेत जातात, नाहीतर कुलाब्याला मंडलिक रोडवर बंदर आरोग्य संस्थेत. बदलापूर, विरार किंवा अलिबागच्या माणसाचा त्यात अख्खा दिवस जातो, हातावर पोट असलेल्याचा रोजही बुडतो. आफ्रिकेत कामाला जाणारे वेल्डर, फिटर, जहाजावर चढायला विमानाने निघालेली कोकणातली मुलं हेही याच रांगेत असतात. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं. त्या बाजूला, पनवेल परिसरात, लसीकरण केंद्र सुरू करावं. जागा, शीतपेटी आणि प्रशिक्षित परिचारिका यांची तयारी आतापासून केली तरच ते वेळेवर उभं राहील.

मसाई माराची बुकिंगं फेब्रुवारी-मार्चपासून सुरू होतात. तिकिटाच्या पानावरची सूचना आणि लस न घेऊ शकणाऱ्यांसाठीचा नमुना, या दोन गोष्टी त्याआधी झाल्या तर पुढच्या हंगामातली माणसं त्या वाचून निघतील. नमुन्याचा मराठी मसुदा करायला हात लागत असतील तर माझ्यासारखे कितीतरी जण विनामोबदला बसायला तयार आहेत.

आपल्या उत्तराची वाट पाहते आहे.

आपली नम्र,
दादरची एक तिकीट व्यावसायिक