गळाची काठी आणि विमानतळ

महोदय,
अंदमानला गरवायला, म्हणजे गळाने मासे पकडायला जाणाऱ्या हौशी लोकांची संख्या वाढते आहे, पण साहित्य विमानाने नेताना होणारा मनस्ताप काही कमी होत नाही. गळ, सुरी, पक्कड चेक-इन सामानातच जायला हवी, यात वाद नाही. तीनटोकी गळाने सामान उघडणाऱ्या कर्मचाऱ्याचा हात फाटू शकतो. प्रत्येक टोकावर बुचाचा तुकडा खोचणे हे आपलेच काम आहे. गळाला वजन देणारे शिसेही वेगळ्या डबीत, चटकन दिसेल असे ठेवावे. दोरी गुंडाळणाऱ्या इलेक्ट्रिक रिळाची सुटी लिथियम बॅटरी मात्र चेक-इनमध्ये टाकू नये, ती केबिनमध्येच न्यायची असते.

खरा प्रश्न काठीचा. दोन भाग सुटे करून नळीत घातली तरी ती चार फुटांच्या आसपास भरते. मुंबईहून जाताना माझी नळी १५ किलोंच्या मर्यादेत बिनबोभाट गेली. परतताना त्याच कंपनीने तिचे जादा पैसे घेतले. नियम दाखवा म्हटले, तर लेखी काहीच नव्हते. काठीची चालणारी लांबी आणि आकार तिकीट काढतानाच स्पष्ट दिसला पाहिजे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने सर्व कंपन्यांना तसे बंधन घालावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, रत्नागिरी