काकूंसाठी रोबो घेताना

प्रिय वर्षा,

तू विचारलंस तो बोलणारा रोबो काकूंसाठी घेऊ नकोस, हे आधीच सांगून टाकते. व्हिडिओत छान वाटतो गं, पण तसली यंत्रं एकट्या राहणाऱ्या आणि डोकं शाबूत असलेल्या माणसांसाठी बरी. इकडे न्यूयॉर्क राज्याने 2022 मध्ये एलीक्यू नावाचा टेबलावर ठेवायचा रोबो आठशेच्या वर म्हाताऱ्या माणसांना द्यायचं ठरवलं, तो गप्पा मारतो, औषधांची आठवण करतो, सगळं खरंय, पण त्याने विचारलेलं कळायला हवं, उत्तर सुचायला हवं आणि तेही इंग्रजीत. काकूंचं तर या विसरण्याच्या आजारात (डिमेन्शियात) आता मराठी वाक्यसुद्धा मध्येच अडकतं म्हणतेस. शिवाय असले रोबो कंपनीच्या सर्व्हरवर जगतात. जीबो म्हणून एक होता, 2019 मध्ये त्याचे सर्व्हर बंद व्हायचे होते तर तो स्वतःच लोकांना निरोपाचं बोलून दाखवायला लागला! काकूंच्या बाबतीत असं काही झालं तर त्यांना कसं समजावणार आपण?

माझं म्हणणं एवढंच की रोबोला काय काय येतं ते बघूच नकोस, काकूंचं काय शिल्लक आहे ते बघ. त्यांचे हात शिल्लक आहेत. पदराचं टोक चुरगाळत बसतात, उशीचा अभ्रा शंभरदा सारखा करतात, हे तूच सांगितलंस ना. आणि त्रासाची वेळ ठरलेली आहे, दिवेलागणीला "मला घरी जायचंय" सुरू होतं. म्हणजे हाताला ऊब देणारं, न बोलणारं काहीतरी हवं.

तसल्या रोबोंत सगळ्यात नावाजलेला म्हणजे जपानचा पारो, दिसायला पांढरंशुभ्र सीलचं पिल्लू, पावणेतीन किलोच्या आसपास, मांडीवर घेतलं की तान्हं बाळ घेतल्यासारखं वाटतं. शिबाता नावाच्या इंजिनिअरने 1993 पासून त्यावर काम केलं. आधी मांजर करून बघितलं होतं, पण लोक खऱ्या मांजराशी तुलना करायचे, सीलचं पिल्लू कुणी जवळून पाहिलेलं नसतं म्हणून ते निवडलं. अमेरिकेत 2009 पासून त्याला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता आहे. पण किंमत सहा हजार डॉलरच्या घरात, म्हणजे पाच लाखांच्या वर, आणि एवढा खर्च घरी एका माणसासाठी करावा असं मला मनापासून वाटत नाही. ऑस्ट्रेलियात म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या 28 केअर होममधल्या, डिमेन्शिया असलेल्या 415 लोकांवर मोठा अभ्यास झाला, 2017 मध्ये छापून आला, त्यात काहींना चालू पारो दिला आणि काहींना तोच पण आतलं सगळं बंद केलेला. चालू पारोकडे लोक जास्त बघत होते, त्याच्याशी जास्त बोलत होते, पण मूड आणि चिडचिड बघितली तर दोन्हीत फारसा फरक नव्हता. म्हणून आधी घरातलं एखादं मऊ, थोडं जड खेळणं काकूंच्या मांडीवर देऊन बघ, जवळ घेतात की बाजूला सारतात ते कळेल.

घेतलं तर मग जॉय फॉर ऑल या ब्रँडचं खेळण्यातलं रोबो-मांजर घ्यावं. शंभर-दीडशे डॉलर, जाडे सेल घालायचे, वायफाय नको, ॲप नको. मी काम करते त्या केअर होममध्ये, आमच्या युनिटमध्ये, एक गुजराती बा आहेत, इंग्रजी पार गेलंय, संध्याकाळ झाली की स्वेटरची बटणं ओढत राहतात. त्यांच्या मांडीवर ते मांजर ठेवलं की अंगठा बरोब्बर त्याच्या हनुवटीखाली जातो, आतून गुरगुर सुरू होते, ती तळव्याला जाणवते आणि बटणावरचा दुसरा हात आपोआप सुटून मांजराच्या पाठीवर येतो. त्यांना भाषेची गरजच पडत नाही. तुमच्याकडे साताऱ्याला तर कायम मांजरं होती, काकू वाटीत दूध ठेवायच्या, त्यामुळे तुलना होईलही, पण त्यांना लळा लागेल असंच मला जास्त वाटतं.

मात्र खरं मांजर आहे असं सांगू नकोस. "हे बघ काय आणलंय" एवढंच म्हण आणि शेजारी बस, त्यांनी मनी म्हटलं तर आपणही मनी म्हणायचं. नको म्हणाल्या तर लगेच उचल, आग्रह नाही करायचा. आणि मांजर दिलं म्हणून त्यांना एकटं सोडून किचनमध्ये जाऊ नकोस, निदान सुरुवातीला तरी. दूध-भात भरवायला लागल्या तर वाटी रिकामी दे, आत ओलं गेलं की ते बिघडेल.

माझी नणंद जानेवारीत पुण्याला येतेय, तिच्या बॅगेत बसेल. केशरी पट्ट्यांचं हवं की काळं-पांढरं, तेवढं कळव.

तुझी,
मनीषा