वळवात आई-वडिलांना बागेत नेताना

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पाडवा उलटला की सांगलीत दुपारी अंग भाजून निघतं आणि चारच्या सुमाराला आभाळ भरून वळीव कोसळतो. दुसऱ्या दिवशीची सकाळ इतकी गार असते की घरातली म्हातारी माणसं आपणहून म्हणतात, "चला, आमराईत एक चक्कर मारून येऊ." नेमकं तेव्हाच तरुण मंडळी "ओलं आहे, पडाल" म्हणत त्यांना बसवून ठेवतात. हे चुकतं. आधी उन्हामुळं आणि मृगानंतर पावसामुळं बसून राहिलेले गुडघे आखडले की लवकर सुटत नाहीत. आई-वडिलांना जरूर न्यावं. फक्त कुठं घसरतं आणि कुठं अडखळतं, हे नेणाऱ्याला ठाऊक असावं.

मोठी सर येऊन गेली की वाट धुऊन निघते. खरी भीती नुसत्या शिडकाव्याची. उन्हाळाभर साठलेली धूळ आणि थोडं पाणी मिळून फरशीवर लगदा होतो, त्यावर सपाट तळव्याची स्लिपर टिकत नाही. कोल्हापुरी चप्पल तर घालूच देऊ नये, कातडं भिजलं की तळ बुळबुळीत होतो. मागं पट्टा असलेली, तळाला खोल खाचा असलेली रबरी चप्पल हवी. खाचेत नख अडकत नसेल तर ती चप्पल घरातच बरी. रेन ट्रीखालून जाताना विशेष जपावं. चैत्र-वैशाखात त्याच्या काळ्या शेंगा गळतात, पायाखाली फुटतात आणि आतला चिकट गर तळव्याच्या खाचा बुजवून टाकतो. अशी चप्पल दगडाच्या कडेवर घासून मगच पुढं चालावं. काळ्या मातीच्या पायवाटेवरही हेच होतं. चार पावलांत तळाला गोळा बसतो आणि चप्पल जड होते. मुरमाची वाट सगळ्यांत चांगली.

पण घसरण्याइतकाच धोका अडखळण्याचा असतो, आणि त्याकडं कुणाचं लक्ष नसतं. आपली जमीन काळी. उन्हात आकसून तिला भेगा पडतात, पाणी मिळालं की ती फुगते. तिच्यावर नीट भर न घालता पेव्हर ब्लॉक मांडले, की दोन वळवांतच एक ब्लॉक वर येतो आणि शेजारचा खचतो. झाडाची मुळं उचलतात ते वेगळंच. चालताना माणसाच्या पायाचा पुढचा भाग जमिनीपासून जेमतेम एक-दीड सेंटीमीटर वर असतो. उतारवयात पाऊल आणखी घासत पडतं. म्हणजे वर आलेली अर्ध्या इंचाची कड तरुणाला जाणवतही नाही, पण सत्तरीतल्या माणसाला पाडायला ती पुरते. पाणी साचलं तर ती दिसतही नाही. म्हणून बरोबर चालणाऱ्यानं चार पावलं पुढची वाट बघावी आणि "इथं कड आहे" असं आधीच सांगावं. ऐनवेळी दंड धरून ओढलं तर दोघंही पडतात.

आधार द्यायचा तो आपला हात त्यांना धरायला देऊन, कोपराच्या वर. आपण अर्धं पाऊल पुढं. उतारावर आपण खालच्या बाजूला. पायऱ्या चढताना आधी बरा पाय, उतरताना आधी दुखरा. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात हवी. हात सरळ खाली सोडल्यावर मनगट जिथं येतं, तेवढीच तिची उंची. खालचं रबरी बूच झिजलं असेल तर बदलावं, ओल्या फरशीवर सगळी भिस्त त्याच्यावरच असते. छत्रीची काठी करू नये, तिचं टोक सटकतं. एका हातात छत्री आणि दुसऱ्यात काठी झाली की धरायला हात उरत नाही. पुढून उघडणारा रेनकोट बरा. आईच्या साडीचा घोळ घोट्यावर चार बोटं घ्यायला सांगावा, भिजलेला काठ टाचेखाली येतो.

वळवाच्या वाऱ्यानं कैऱ्या गळतात आणि त्या बघून आई वाकल्याशिवाय राहत नाही. वाकून झटकन वर येताना डोळ्यांपुढं अंधारी येऊ शकते, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर जास्तच. कैरी आपण उचलून द्यावी. बाकावरून उठतानाही आधी दहा वेळा टाचा वर-खाली करून, जरा थांबूनच उभं राहायला सांगावं. मधुमेह असेल तर घरी आल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसून तळपाय नीट बघावेत. तिथं जखम झाली तरी पुष्कळदा कळत नाही.

विजेबाबत मात्र तडजोड नको. गडगडाट ऐकू आला की फिरणं थांबवावं. आमराईत झाडाखाली उभं राहू नये, चारी बाजूंनी उघडी छत्री-शेडही उपयोगाची नाही. पक्की इमारत किंवा बंद मोटार गाठावी आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' ॲप विजेची सूचना देतं, ते मोबाइलमध्ये असू द्यावं.

बागांची देखभाल पाहणाऱ्यांना एकच विनंती. वळीव सुरू व्हायच्या आत वर आलेले ब्लॉक काढून घ्यावेत. खालची काळी माती उपसून मुरूम घालावा, पाणी मारून तो धुम्मस करून घट्ट बसवावा, त्यावर तीन-चार सेंटीमीटर दगडाची बारीक कच पसरावी, मग ब्लॉक बसवून सांधे बारीक वाळूनं भरावेत. वाटेला रुंदीत दर मीटरला दोन सेंटीमीटर ढाळ द्यावा. काम झाल्यावर बादलीभर पाणी ओतून बघावं, साचलं तर ढाळ चुकला. आणि निदान प्रत्येक वळणावर पाठ आणि हात असलेला, दीड फूट उंचीचा एक बाक ठेवावा. बिनपाठीच्या बुटक्या कट्ट्यावर म्हातारं माणूस बसतं, पण त्याला उठता येत नाही.

आपला,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली